साँकुंगची जागा

"अहो पाहुणे, ती पेटी डोक्यावर घ्या! चिखलात चाकं फिरत नसतात!"

मी होडीतून ओरडले आणि सगळ्या बायका खो-खो हसल्या. तो मात्र काठावर, घोट्यापर्यंत चिखलात... उन्हानं लालबुंद झालेला, आणि पेटी ओढतोय म्हणजे ओढतोयच! शेवटी मीच उतरले, पेटी डोक्यावर घेतली आणि होडीत आणून आदळली.

बसल्याबसल्या त्यानं इंग्रजीत विचारलं, "तुमच्या कोलिकुंदा गावात स्वस्तात खोली मिळेल का?"

"घ्या! ना विचारपूस, ना काही. एकदम खोली! आमच्यात आधी घरच्यांची चौकशी करतात."

"कशी?"

"म्हणायचं, घरची माणसं कुठं आहेत? समोरचा म्हणतो, तिथंच आहेत. आई कुठंय? तिथंच आहे. भाऊ..." मी थांबले.

"भाऊ कुठंय?" त्यानं शहाण्या मुलासारखं पुढचं विचारलं.

"तिथंच आहे," मी म्हणाले आणि पाण्याकडं बघत बसले.

भाऊ तिथं नव्हता. माझा थोरला भाऊ साँकुंग स्पेनला जातो म्हणून समुद्रावर गेला, होडीत बसला आणि ती होडी कुठंच पोचली नाही. ना फोन, ना निरोप, ना प्रेत. आईनं त्याच्यासाठी मयताची प्रार्थना होऊ दिली नाही. आम्ही सगळे एकाच मोठ्या वाडग्याभोवती जेवायला बसायचो, पण आईशेजारची त्याची जागा मोकळी राहायची आणि त्या बाजूच्या भाताला कुणी हात लावायचं नाही. आई दोन घास खाऊन उठायची. तिची हाडं दिसायला लागली होती.

"तिकडं माझ्या कमाईत एक खिडकीसुद्धा परवडत नाही," तो सांगत होता. नाव मातेय, देश स्लोव्हेनिया, काम कपडे धुण्याच्या मशीनची माहितीपत्रकं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत करायचं. "इथं म्हणे अख्खं अंगण मिळतं."

वल्ही मारणारे ओमारकाका फिस्सकन हसले. "आमची पोरं तिकडं जाण्यापायी जीव देतायत, आणि हा शहाणा इकडं आलाय!"

पोरं गेलेल्या रिकाम्या खोल्या गावात घरोघरी होत्या. आमच्याकडंही एक होती. बाबांनी ती त्याला दिली.

पहिल्याच दुपारी तो जेवायला आला आणि सरळ साँकुंगच्या जागेवर बसला. त्याला काय माहीत बिचाऱ्याला! माझा हात हवेतच राहिला. बाबांनी तोंड उघडलं, पण त्याआधीच आईनं माशाचा मोठा तुकडा बोटांनी त्याच्यापुढं सरकवला.

"खा रे, साँकुंग."

आणि ती स्वतः जेवली. पोटभर!

बाबा बाहेर जाऊन डोळे पुसून आले. "पाहुण्याला घरचं नाव द्यायची आपली रीतच आहे. हेच असू दे." संध्याकाळपर्यंत गल्लीतली पोरं त्याला आमचं आडनावसुद्धा लावून साँकुंग दारबो म्हणून हाका मारायला लागली. आईला काही वेडबीड लागलं नव्हतं. तिला खरं काय ते कळत होतं की नव्हतं, हे विचारायची आमची कुणाचीच छाती झाली नाही. मी एकटीच त्याला मातेय म्हणायचे, तेही आई जवळपास नसताना.

मग कोरडे वारे सुटले. सगळीकडं तांबडी धूळ... पापण्यांवर, भांड्यांवर, त्याच्या त्या कॉम्प्युटरवर. नेटवर्क गेलं की हा उठून माझ्याशेजारी यायचा. मुसळ धरायचा आणि धान्य उखळाबाहेर सांडायचा.

"राहू दे रे बाबा! कोंबड्यांची चंगळ चाललीय नुसती."

"तू हसतेस म्हणून करतो," तो आमच्या भाषेत म्हणाला. अडखळत... पण म्हणाला!

एकदा आम्ही शेंगा फोडत बसलो होतो.

"न्यीमा, तुमच्यात मुलीला मागणी कशी घालतात?"

"कुठल्या मुलीला?" मी मान वर केली नाही.

"आहे एक. फार बोलते."

"मग नको घालूस. जन्मभर ऐकावं लागेल."

"ऐकायचंच तर आहे..."

माझ्या हातातली शेंग फटकन फुटली आणि दाणा उडून केसांत अडकला. त्यानं तो काढला. दाणा निघाला, पण बोटं तिथंच राहिली... क्षणभर. खरं सांगते, श्वास घ्यायचा असतो हेच मी विसरले.

"कोलाच्या बिया पाठवतात," मी पुटपुटले. "वडीलधाऱ्या माणसाच्या हातून..."

शुक्रवारी ओमारकाका धुतलेला झगा घालून, पानात गुंडाळलेल्या कोलाच्या बिया घेऊन अंगणात आले. मी दाराआड उभी. काका घसा खाकरून म्हणाले, "साँकुंगकडून आलोय..."

तेवढ्यात आई बाहेर आली. बिया बघितल्या आणि तिचा चेहरा असा काही उजळला!

"अगंबाई! माझ्या साँकुंगचं लग्न? कुणाच्या घरची पोर हो, ओमारभाऊ?" ती हसत होती. किती दिवसांनी! मला दाराआडून ओढत म्हणाली, "तुला ठाऊक असणार. बहीण ना तू त्याची! सांग, कोण गं?"

ओमारकाका माझ्याकडं बघत राहिले. बाबांनी मान खाली घातली. मातेय खोलीच्या दारातून पुढं आला. "आई, मी—"

"अजून पसंत केली नाही, आई," मी मध्येच बोलले. "बघतोय."

"मग तू बघ त्याच्यासाठी. चांगली बघ हं!"

विहिरीपाशी त्यानं मला गाठलं. "का केलंस असं? मी सांगतो तिला. मी तिचा मुलगा नाहीये!"

"जा, सांग. आणि मग जेवताना तिच्याकडं बघ."

तो दोन पावलं गेला आणि थांबला. या घरात येईपर्यंत त्याच्यासाठी कुणी माशाचा तुकडा राखून ठेवला नव्हता, हे त्यानंच मला सांगितलं होतं.

"मग मी गाव सोडतो," तो म्हणाला.

"म्हणजे ती पुन्हा वाट बघत बसेल. या घरातून मुलगा परत एकदा जाऊ शकत नाही, मातेय. पण तू त्या जागेवर, मी समोर, आणि मध्ये तो वाडगा... हे मला नाही रे झेपायचं. मुलगी गेली तर चालतं. मुली जातातच."

त्यानं माझा हात धरला. मी सोडवला नाही. पाण्यानं भरलेली बादली तशीच राहिली, आणि आम्ही दोघं रडलो, अगदी वेड्यासारखे.

समुद्राकाठच्या शहरात माझ्या मावशीचं शिवणकामाचं दुकान आहे. त्याच समुद्राकाठी, जिथून भाऊ गेला. आईनं वाटेत खायला भाजलेले दाणे बांधून दिले आणि बजावलं, "भावासाठी तिकडची एखादी पोर बघून ठेव."

माझी पेटी त्यानंच उचलली, डोक्यावर घेतली आणि चिखलातून एकदाही न अडखळता होडीत ठेवली. ओमारकाकांनी वल्हं टेकवून होडी लोटली. थोडं अंतर पडलं तेव्हा तो काठावरून ओरडला, आमच्या भाषेत, एकही शब्द न चुकता.

"न्यीमा! घरची माणसं कुठं आहेत?"

"तिथंच आहेत!"

"आई कुठंय?"

"तिथंच आहे!"

तो चिखलात आणखी दोन पावलं पुढं आला. आणि मग फाटलेल्या आवाजात,

"भाऊ कुठंय?"

चौकशी अर्धी सोडायची नसते.

"तिथंच आहे!" मी ओरडले. "तिथंच आहे, साँकुंग!"