दर दोन तासांनी

तीन वर्षं माझं काम म्हाताऱ्या सैनिकांच्या पाठी बघण्याचं होतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण निवृत्त सैनिकांच्या इस्पितळांची तपासणी करताना पाठीइतकं खरं बोलणारं दुसरं काही नसतं. फरशी आदल्या दिवशी धुता येते, चादरी बदलता येतात, रजिस्टरं एका बैठकीत भरता येतात. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी दुसऱ्या कुशीवर वळवलं नाही, तर मात्र माकडहाडापाशी कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, मग फाटते. त्या जखमेला सगळे बेडसोर म्हणतात. ती लपवता येत नाही.

प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी एक तक्ता लटकवलेला असतो : वेळ, कूस, सही. माझा अनुभव असा, की तक्ता जितका भरगच्च तितकी पाठ वाईट. वीस खाटांमागे पाच-सहा जखमा निघाल्या, तर तो वॉर्ड मी बरा समजत असे.

वॉर्ड चारमध्ये मी गेलो एका मंगळवारी, सकाळी नऊला. लांबट खोली, कमरेइतका हिरवा ऑइलपेंट, त्यावर पोपडे धरलेला पांढरा रंग. दहा खाटा खिडक्यांच्या बाजूला, दहा भिंतीच्या. फिनेलचा वास. सगळे रुग्ण असे, की स्वतःहून कूस बदलू शकत नाहीत. कोणाचं एक अंग लुळं, कोणाचा मणका मोडलेला. या वॉर्डाला आणि शेजारच्या पाचला मिळून एकच सिस्टर होती. पूर्वी चौघे जण होते. एकेक निवृत्त झाला आणि त्यांच्या जागा भरायला वरून मंजुरी आली नाही.

मी वीसही पाठी बघितल्या. एक जखम नाही. लाल डागसुद्धा नाही.

तक्ते मात्र कोरे होते.

"सिस्टर, हे भरलं का नाही?"

ती पन्नाशीची, बारीक चणीची बाई होती. औषधांच्या गोळ्या वाटीत टाकता टाकता म्हणाली, "मी वळवलं नाही, तर सही कशी करू?"

"मग कोणी वळवलं?"

"ते तुम्ही तपासा. तपासायलाच आलात ना?"

मला वाटलं, ही माझी फिरकी घेतेय. मी स्टूल घेऊन दाराशी बसलो आणि कागदावर वीस चौकोन काढून, कोण कुठल्या कुशीवर आहे ते लिहून ठेवलं. दहा वाजले होते. सिस्टर पाचमध्ये निघून गेली.

खाट नऊवरचे आजोबा सैन्यात बिनतारी संदेशाच्या कामावर होते. मानेखाली काही हलत नव्हतं, पण तोंड दिवसभर चालू, म्हणून सगळे त्यांना 'रेडिओ' म्हणत. बाराच्या सुमारास त्यांनी मला जवळ बोलावलं.

"बसून राहा, साहेब. दिसणार काही नाही."

"काय दिसणार नाही?"

"हात मोठे आहेत. पण हलके. उशीसुद्धा आधी झटकून मग लावतो."

"कोण?"

"विचारलं नाही. ड्यूटीवरच्या माणसाला कशाला अडवायचं?" ते हसले. "आधी आठ-आठ तास एका अंगावर पडून असायचो. तेव्हा तुमच्यापैकी कोणी कागद घेऊन आलं नव्हतं."

मी कागदाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. बारा वाजून दोन मिनिटं झाली होती. मान वर केली, तेव्हा रेडिओचं तोंड पलीकडच्या भिंतीकडे होतं. खिडकीकडे बघणारे सगळे भिंतीकडे बघत होते, भिंतीकडचे खिडकीकडे. एकाही खाटेची करकर मला ऐकू आली नव्हती.

मी दोन वाजेपर्यंत थांबलो. या वेळी खाट चारवरच्या एकाच माणसावर नजर ठेवली. शंभर किलोंचा धिप्पाड गडी, दोघांना आवरला नसता. पावणेदोनपासून मी त्याच्यावरून डोळे काढले नाहीत. तासकाटा हलताना दिसत नाही, तसंच झालं. कधीतरी माझ्या लक्षात आलं, की मी त्याच्या पाठीकडे नाही, चेहऱ्याकडे बघतोय. किती वेळ, ते सांगता आलं नसतं. दोन वाजून गेले होते.

 दुसऱ्या दिवशी मी अहवाल लिहिला. जे दिसतं ते लिहायचं, याबद्दल माझा लौकिक होता. 'वॉर्ड चार. खाटा वीस. परिचारिका एक, तीही सामायिक. बेडसोर शून्य. कारण कळले नाही.'

आमच्या साहेबांनी शेवटच्या तीन शब्दांवर पेन्सिल टेकवली. "कारण कळलं नाही म्हणजे काय? कारण उघड आहे. बाकीच्या वॉर्डांत कर्मचारी जास्त झालेत."

"साहेब, तिथे काहीतरी वेगळं आहे. ती बाई कोणालाही वळवत नाही."

"मग कोण वळवतं? नाव सांगा, पद सांगा. मी लिहून घेतो."

मी अहवाल त्यांच्या टेबलावर ठेवून निघालो. महिन्याभरात पत्रक निघालं. वॉर्ड चार हा नमुना ठरला, आणि त्याच्या प्रमाणात सगळ्या इस्पितळांतल्या जागा कमी झाल्या. मी ते पत्रक वाचलं आणि फाइलला लावलं.

माझे बाबा सैन्यात पूल बांधणाऱ्या तुकडीत होते. झटका येऊन उजवं अंग गेल्यापासून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, आमच्याच खात्याच्या इस्पितळात होते. मी महिन्यातून एकदा जायचो, उभ्या उभ्या बोलायचो आणि निघायचो. खरं लक्ष ताईचं. पत्रकानंतर सात आठवड्यांनी तिचा फोन आला.

"तू जगाच्या पाठी बघतोस ना? आता येऊन बाबांची बघ."

जखम तळहाताएवढी होती. मधोमध खोलवर काहीतरी पांढरं दिसत होतं. ते काय असतं, हे मला माहीत होतं. खाटेच्या पायथ्याचा तक्ता दर दोन तासांच्या सह्यांनी भरलेला होता.

तिथली सिस्टर पोरगेलीच होती. मी आवाज चढवला, तशी म्हणाली, "आम्ही तिघी होतो. आता मी एकटी आहे. कुठल्या तरी वॉर्डात एकटी बाई सगळं करते म्हणे. तिला एकदा आणून दाखवा मला." आणि रडायला लागली.

ताई माझ्याकडे बघत होती. पत्रक कशावरून निघालं, हे तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात ओळखीपाळखी वापरून मी बाबांना वॉर्ड चारमध्ये हलवलं. खाट अकरा. आयुष्यभर वशिल्याला नावं ठेवलेला माणूस मी, पण त्या दिवशी मला काही वाटलं नाही. सिस्टरने मला ओळखलं. पत्रकाबद्दल एक शब्द काढला नाही, फक्त विचारलं, "आता कारण कळलं का?"

जखम भरायला लागली. चौथ्या आठवड्यात कडा आत ओढल्या गेल्या, नवव्यात तिथे गुलाबी, चकचकीत कातडी होती. बाबांची जीभ जड होती, पण शब्द कळायचे.

"चांगला माणूस आहे," एकदा ते म्हणाले.

"कोण, बाबा?"

मी लहान असताना भलतंच विचारलं की बघायचे, तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "वळवतो तो."

"काही बोलतो का?"

"नाही." मग म्हणाले, "दमतो रे. धाप ऐकू येते."

मी साहेबांना दुरुस्तीचं पत्र लिहिलं. वॉर्ड चार हिशेबात धरू नये, तो नियमाला धरून नाही, असं. त्यांनी पुन्हा नाव आणि पद मागितलं. मी पत्र परत घेतलं. तोवर शेजारच्या पाचमधल्या तिघांच्या पाठी फाटल्या होत्या. मला वाटलं होतं, तो भिंतीपलीकडेही जात असेल. जात नव्हता.

बाबा थंडीच्या दिवसांत गेले. छातीत कफ भरला आणि सकाळी सहाला श्वास थांबला. मी साडेनऊला पोचलो. ताई गावाहून निघाली होती. मृत्यूचा दाखला द्यायला सगळ्या इस्पितळात एकच डॉक्टर, आणि ते बाहेरचे रुग्ण संपल्याशिवाय वर येणार नव्हते. बाबा पाठीवर होते, चादर गळ्यापर्यंत. मी हात हातात घेतला. गार होता.

मी टेबलाशी जाऊन दोन कागदांवर सह्या केल्या. परत आलो तर बाबा डाव्या कुशीवर होते, खिडकीकडे तोंड करून. अंग ताठरलं होतं, तरी गुडघ्यांमध्ये उशी नीट बसवली होती.

"सिस्टर, यांना कोणी..."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. "दहा वाजले."

"पण ते गेलेत."

"हो."

"मग?"

"त्याला ते कोण सांगणार?" ती हळूच म्हणाली आणि खाट बाराचं सलाइन बघायला गेली.

मी स्टूल ओढून बाबांच्या पाठीशी बसलो. अकरा वाजले. सिस्टर पाचमध्ये होती. डॉक्टर आले नाहीत. वॉर्डात कोणी बोलत नव्हतं, रेडिओसुद्धा नाही. माझा सोडून वीस माणसांचा श्वास ऐकू येत होता.

मग माझ्या ध्यानात आलं, की बाबांना वगळलं तर खाटांवर एकोणीसच माणसं होती.

मी पुन्हा मोजायचा प्रयत्न केला नाही.

बाराला पाच कमी असताना मी नजर त्यांच्या मानेवर ठेवली. पांढरे केस, त्याखाली एक तीळ. तो तीळ मी आधी कधी बघितला नव्हता.

मी डोळे मिटले नाहीत. मान हलवली नाही.

बारा वाजले तेव्हा बाबांचा चेहरा माझ्याकडे होता. पापण्या मिटलेल्या. गालाखाली उशी सारखी केलेली.

मी हात पुढे केला आणि त्यांच्या अंगावरून फिरवला. कपाळ, दंड, पोट, सगळं गार पडलं होतं. फक्त खांद्यावर आणि कमरेवर, पसरलेल्या तळहाताएवढ्या दोन जागा अजून कोमट होत्या.