पाठीशी ऊन

शरच्चंद्राच्या कॅमेऱ्यातून निघालेल्या छायाचित्राच्या शेवटच्या काचेवर तोच कॅमेरा उमटला होता. तिपाईवर चढवलेला, आणि त्याच्यामागे काळ्या कापडाखाली वाकलेला शरच्चंद्र. मही नदीकाठच्या त्या कड्यावर त्या सकाळी दुसरा कॅमेरा नव्हता.

काच धुतली ती त्याच्या धाकट्या बहिणीने, रावपुऱ्यातल्या घराच्या न्हाणीघरात, लाल कंदिलाच्या उजेडात. सुनीती मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवत असे. भावाचे तेरावे आटोपले होते, दिवाळी दाराशी येऊन दिव्यांवाचून निघून गेली होती, आणि कॅमेरा तसाच कोनाड्यात पडून होता. काच वाळल्यावर तिने ती कडांना धरून दोन्ही बाजूंनी पाहिली आणि माजघरात वडिलांपुढे नेऊन ठेवली.

रघुनाथराव वहिवाटदार म्हणून निवृत्त झालेले. गायकवाडी मुलखातल्या चार तालुक्यांत त्यांनी साक्षी ऐकल्या होत्या. काचेमागे काळे कापड धरून त्यांनी ती पुष्कळ वेळ न्याहाळली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळाठिक्कर आकार. तिपाईचे पाय फाकलेले, कापडाची झालर लोंबलेली.

"हे पाठीमागून घेतलंय," ते म्हणाले.

"कशाने?"

"दामोदरकडे कॅमेरा आहे."

दामोदर हा शरच्चंद्राचा कलाभवन या तंत्रशाळेतला मित्र. दसऱ्यानंतरच्या सुट्टीत दोघे नदीकाठच्या डबका या गावी गेले होते, क्रौंच पक्ष्यांची आणि महीच्या घळींची छायाचित्रे घ्यायला. परत आला तो एकटा दामोदर, आणि मागाहून बैलगाडीतून कड्यावरून पडलेल्या शरच्चंद्राचे प्रेत. सरकारने परदेशी शिक्षणासाठी द्यायची एक शिष्यवृत्ती होती. उमेदवार हे दोघेच उरले होते. आता ती आपसूक दामोदरकडे गेली होती.

"आपला कॅमेरा घरी ठेवला होता म्हणून सांगतो," रघुनाथराव म्हणाले. "नेला असणार. मागून चित्र घेतलं, ढकललं, आणि काचांच्या चौकटींची अदलाबदल झाली."

"म्हणजे स्वतःच्या गळ्याचा फास आपल्या घरच्या कॅमेऱ्यात ठेवून आला?"

"घाबरलेला माणूस काहीही करतो. मी पाहिलेत तसे."

"काचा मीही पाहिल्यात, नाना."

"तुळशीचं लग्न होऊ दे. मग ही फौजदाराच्या हाती देणार." त्यांनी काच खाली ठेवली. "त्या मुलासाठी एवढा जीव तुटतो तुझा?"

"त्याच्यासाठी नाही. भिंगाने काय पाहिलं ते आपल्याला कळत नाही, म्हणून त्याच्या तोंडी आपण आपलंच बोलणं घालतोय. ते मला चालणार नाही."

उत्तर खरे होते. पूर्ण होते असे तिने स्वतःलाही सांगितले नाही.

दामोदरला ती दुसऱ्या दिवशी भेटली. कलाभवनाच्या आवारात, निळीचे डाग पडलेल्या हातांनी तो पायरीवर बसला होता. गेले काही दिवस त्याच्या शेजारी कुणी बसत नसे.

"काय, फासाचं माप घ्यायला आलात?"

"बाष्कळपणा पुरे. त्या सकाळी तुम्ही कुठे होता?"

"गावात. दुधासाठी. शरूला चहाशिवाय सूर्य दिसत नसे, ठाऊक आहे ना तुम्हाला."

"धुकं होतं?"

"नदीत? वाटीत दूध भरावं तसं, काठोकाठ. वर मात्र लख्ख ऊन."

सुनीतीने उन्हाकडे मान वळवली. मग तिने विचारले, "ऊन कुठल्या बाजूला?"

"पाठीशी. छायाचित्रकार ऊन आणखी कुठे घेणार?"

घरी येऊन तिने नानांना सांगितले, "काच फौजदाराकडे जाण्याआधी मला डबक्याला जायचं आहे. तुम्ही बरोबर या. तुमच्या डोळ्यांदेखत काय ते होऊ दे."

"आणि तुझं म्हणणं खोटं ठरलं तर?"

"तर फौजदाराकडे काच मी नेईन."

पादरा गावापर्यंत छोट्या रुळांची आगगाडी, तिथून बैलगाडी. कापसाची बोंडे फुटू लागली होती, तुरीला पिवळा फुलोरा होता. जमीन तळहातासारखी सपाट, आणि मग कुणी नखांनी ओरबाडावी तशी अचानक फाटलेली. घळीमागून घळ, पिवळ्या मातीच्या उभ्या भिंती, त्यांत पाकोळी पक्ष्यांची बिळे. शेवटच्या भिंतीखाली मही. समुद्र दूर असूनही भरतीला त्याचे गढूळ पाणी घोड्यासारखे उधळत इथवर येई.

सरकारी शिकारखान्याचा राखणदार धनाजीराव हा जुन्या शिलेदाराचा नातू. त्याच्याच ओसरीवर बापलेकीची सोय झाली. त्याचे मराठी अर्धे गुजरातीत मुरलेले होते.

"आवो, आवो, रावसाहेब. बाईसाहेब, पाणी घ्या, गोड आहे. कड्यावर जायचं तर दुपारी न्या रावसाहेबांना. मजेशीर दिसतं."

"सकाळी जायचं आहे," सुनीती म्हणाली. "ऊन पाठीशी असताना."

धनाजीरावाने लोटा खाली ठेवला. "आमच्यात सकाळचं कुणी कड्यावर उन्हाला पाठ देत नाही."

"का?"

"का म्हणजे? नाही देत. बायका घागरी घेऊन तिथून जातात त्या तिरप्या, खेकड्यासारख्या. नवी सून हसते. दुसऱ्या दिवशी तीही तिरपी चालते."

"काय होतं पाठ दिली तर?"

"ते बघायला कुणी थांबलं तर सांगेल ना, बाईसाहेब."

"मी थांबते," सुनीती म्हणाली. "मग मी सांगेन."

रघुनाथरावांनी मिशीतून हुंकार दिला. तो रागाचा होता की कौतुकाचा, हे त्यांच्या हाताखालच्या कारकुनांनाही कधी कळले नव्हते.

धुके यायला काही दिवस गेले. एके पहाटे पाकोळ्या बिळांतून बाहेर पडल्याच नाहीत, आणि सूर्य उगवला तेव्हा मही दिसेनाशी झाली होती. कड्याच्या ओठापासून पलीकडच्या काठापर्यंत पांढरे, सपाट, गच्च धुके. जमीन तशीच पुढे चालली आहे असे वाटावे.

धनाजीराव गाडीपाशीच थांबला, तोंड उगवतीकडे करून. शरच्चंद्राच्या तिपाईचे तीन खळगे मातीत अजून होते. सुनीतीने त्याच खळग्यांत तिपाईचे पाय रोवले. उजवीकडे हातभरावर कडा तुटलेला होता. तिथे फक्त धुके. नानांना तिने डाव्या बाजूला, हाताच्या अंतरावर उभे केले.

"हलायचं नाही, नाना."

"मला साक्षीदारासारखं वागवू नकोस."

"साक्षीदारच आहात."

ती कापडाखाली वाकली. धूसर काचेवर जग उलटे होते, आणि त्या उलट्या जगात, खालच्या धुक्यावर, दोन सावल्या पडल्या होत्या. फाकलेल्या पायांची तिपाई आणि तिच्यामागे वाकलेली ती स्वतः. शेजारी पगडी घातलेले नाना. काळ्याठिक्कर, पाठमोऱ्या दिसणाऱ्या. तिच्या भावाची काच जशीच्या तशी.

कॅमेऱ्याच्या सावलीभोवती फिकट रंगांचे एक वर्तुळ होते. सह्याद्रीच्या कड्यांवरून दिसते म्हणतात ते इंद्रवज्र. नानांच्या सावलीभोवती ते नव्हते, आणि नसणारच होते: हे वर्तुळ पाहणाऱ्या डोळ्याच्याच सावलीभोवती पडते. इथे डोळा म्हणजे भिंग.

"नाना, तुमच्या डोक्याभोवती रंग दिसतात?"

"दिसतात. माझ्याच. तुझ्या नाहीत." त्यांचा आवाज बदलला होता. "सुनीती, ही तर सावली आहे."

"हो."

"मग त्याला कुणी पाठीमागून..."

"कुणीही नाही. आता बोलू नका, काच उघडते आहे."

तिने चौकट बसवली, रबरी फुगा हातात घेतला.

तेवढ्यात उजव्या बाजूने कापडाची झालर उचलली गेली.

वारा नव्हता. धुके जागचे हलत नव्हते.

कानाजवळ कुणीतरी श्वास घेतला; सावकाश, वाकून नीट पाहणाऱ्या माणसाने घ्यावा तसा.

"धनाजीराव, मागे व्हा," ती म्हणाली. "सावली पडेल."

श्वास कानाजवळच राहिला.

तिने कापडाच्या कडेने समोर पाहिले. धुक्यावर सावल्या दोनच होत्या.

खांद्यावर भार आला. हलका, विचारल्यासारखा.

सुनीतीने दोन्ही टाचा मातीत रुतवल्या. "जे कोण असेल त्याने थांबावं," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "माझी काच पुरी झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

तिने फुगा दाबला, मनात मोजले, सोडला. चौकट बंद केली. मगच ती कापडातून बाहेर आली.

उजवीकडे हातभरावर तुटलेली जमीन, आणि खाली पांढरे धुके. नाना डावीकडे, जिथे उभे केले होते तिथेच. धनाजीराव दूर गाडीपाशी, पाठमोरा.

"कुणाशी बोलत होतीस?" नानांनी विचारले.

"काच पाहून सांगते."

रावपुऱ्यात दोन्ही काचा तिने खिडकीत शेजारी-शेजारी उभ्या केल्या, मागे काळे कापड लावून, म्हणजे पुसट खुणाही दिसाव्यात. तिच्या काचेवर वर्तुळ होते, भिंगाच्या सावलीभोवती, नियमाप्रमाणे. काय शोधायचे ते आता ठाऊक होते, म्हणून तिने भावाच्या काचेवरही शोधले. तिथेही होते. तिने मोजायला पट्टी लावली. नानांना बोलावले. मग मेजाशी बसून फौजदारासाठी निवेदन लिहिले.

नानांनी ते उभ्यानेच वाचले. 

"शेवटचा परिच्छेद काढ. बाकीच्यावर दामोदर सुटतो."

"आणि शेवटचा?"

"तो वाचून बाकीच्यालाही हसतील. पोराला बुडवशील."

"हसू देत. जे दिसलं त्यातलं अर्धंच लिहायचं, तर तुमचं अनुमान तरी काय वाईट होतं? हसणाऱ्याला त्याच खळग्यांपाशी उभं करा, ऊन पाठीशी घेऊन. मी शेजारी उभी राहीन."

रघुनाथरावांनी दौत पुढे ओढली. साक्षीदार म्हणून सही केली, खाली जुना हुद्दाही लिहिला, आणि एक अक्षर न बदलता निवेदन मुलीच्या हाती दिले. ते असे होते:

"काचेवरील आकृती धुक्यावर पडलेली सावली आहे. ते चित्र मागून कोणीही घेतलेले नाही. जवळ उभ्या असलेल्या माणसाची सावलीही धुक्यावर पडते, हे सोबतच्या दुसऱ्या काचेवरून दिसेल. शरच्चंद्राच्या काचेवर त्याच्याखेरीज कोणाची सावली नाही. सबब दामोदर तेथे नव्हता.

"इंद्रवज्राचे वर्तुळ पाहणाऱ्याच्या सावलीभोवतीच पडते. शरच्चंद्राच्या काचेवर ते भिंगाभोवती नाही. ते त्याच्या उजव्या खांद्यालगत, मोकळ्या धुक्यावर आहे. सबब ही काच भिंगाने पाहिलेली नाही. ती ज्याने पाहिली तो शरच्चंद्राच्या उजव्या हाताला, जेथे कड्याला जमीन नाही तेथे, त्याच्या खांद्याला लागून उभा होता. शरच्चंद्र पडण्याचे कारण तोच आहे. त्याची सावली पडत नाही."