प्रतिवादी नंबर दोन

कुकरची शिट्टी झाली आणि मी दचकले. नवऱ्याचा तेरावा उरकला होता, पाहुणे पांगले होते, आणि घर इतकं गप्प होतं की आतल्या खोलीतली दामिनीच्या छातीची बारीक घरघर ओट्यापाशी ऐकू येत होती. दुसऱ्या शिट्टीला ती उठून आली आणि माझ्या पायाला बिलगली. पाच वर्षांची झाली, पण झोपेतून उठली की तिच्या मानेला अजून दुधाचा वास येतो.

दुपारी नवलसिंग वकील आले. माझ्या नवऱ्याच्या, हेमकांतच्या दोन्ही केसेस त्यांच्याकडेच होत्या. चहा बशीत ओतत म्हणाले, "वहिनी, एक काळजी मिटली. फौजदारी संपली. आरोपी गेला की खटला त्याच्यासंगं सरणावर जातो."

"आणि दुसरी?"

"दिवाणी मरत नाही. तिथं मयताच्या जागी वारस उभे करतात. प्रतिवादी नंबर एक तुम्ही. नंबर दोन दामिनी."

"तिचं नाव नका घालू."

"घालाच लागतं. अज्ञान, म्हणजे वयानं लहान, तर्फे आई, असं लिहाचं. तिले थोडंच उभं ऱ्हावानं शे?" ते हसले आणि दामिनीच्या गालाला चिमटा काढला. तिला तो आवडला नाही.

केस पपईच्या मळ्याची. धानोऱ्याच्या शिवारात आमचा मळा आहे. रानडुकरं येतात म्हणून कुंपणाच्या तारेत करंट सोडलेला होता, आणि एका पहाटे त्याला चिकटून एक मुलगी गेली. तिची आई दिवलीबाई मोलगीच्या वरच्या पाड्यावरून तोडणीला आलेली. पोलिसांनी केलेली केस 'सरकार विरुद्ध हेमकांत'. तिच्यात दिवलीबाई नुसती साक्षीदार. पोर तिची, पण फिर्याद सरकारची. भरपाईचा दावा मात्र तिनं स्वतः लावला, त्यात ती वादी.

आमच्या कोर्टात दोन्हीला एकच जजसाहेब आणि एकच दालन. सकाळी फौजदारी, जेवणाच्या सुट्टीनंतर दिवाणी. सकाळी हेमकांत लाकडी पिंजऱ्यात उभा राहायचा, दुपारी वकिलाशेजारी बाकावर बसायचा. दोन्हीकडे त्याचं सांगणं एकच. तार सालदार गड्यानं, ईश्वरनं जोडली. त्या पहाटे मी गावातच नव्हतो, अक्कलकुव्याला नथमल शेठकडे मुक्कामाला होतो. नथमल शेठनंही तसंच सांगितलं.

मी एकदाच गेले होते, दामिनीला शेजारच्यांकडे ठेवून. दिवलीबाईची उलटतपासणी होती.

"मुलगी पपई चोरायला आली होती ना?" नवलसिंगनी विचारलं.

"परसाकडला गेली होती," ती म्हणाली.

मागच्या बाकावर कोणी तरी हसलं. मी हेमकांतकडे बघत होते. पिंजऱ्यात त्यानं हात पाठीमागे धरले होते. डावा अंगठा उजव्या मुठीत घेऊन तो चोळत होता, सारखा. मला वाटलं, घाबरलाय बिचारा.

संध्याकाळी नवलसिंग म्हणाले होते, "फौजदारीत कणभर संशय राहिला तरी आपण सुटलो. दिवाणीत तसं नाही, तिथं ज्याचं पारडं झुकलं त्याचं." पण निकालाआधीच हेमकांतच्या छातीत कळ आली.

दिवाणीची तारीख लागली तेव्हा घरात कोणी नव्हतं, म्हणून दामिनीला न्यावं लागलं. व्हरांड्यात तिला मांडीवर घेऊन राजगिऱ्याचा लाडू भरवत होते. दारात शिपायानं पुकारा केला. आधी दिवलीबाई. मग हेमकांत, मयत, तर्फे वारस. मग माझं नाव. मग, "कुमारी दामिनी हेमकांत!"

"मला बोलावलं!" ती मांडीवरून उतरली आणि माझ्या आधी आत पळाली.

मी आत गेले तेव्हा ती पिंजऱ्यापाशी होती. पिंजऱ्याच्या छोट्या दाराची कडी आतल्या बाजूनं आहे. तिनं न बघता वरून हात घातला, कडी काढली, आत जाऊन उभी राहिली आणि दार ओढून घेतलं. कठड्यावर नुसता तिचा भांग दिसत होता. गजांमधून मला तिची पाठ दिसली. हात मागे होते. डावा अंगठा उजव्या मुठीत.

"बाळ, तिथं नाही उभं राहायचं," साहेब हसून म्हणाले. "आता दिवाणी चाललंय."

सगळे हसले. नवलसिंग सगळ्यांत मोठ्यानं. मी तिला उचलून आणली. तिचं अंग तापलं होतं आणि तिनं माझ्या गळ्यात हात टाकले नाहीत.

दिवलीबाई हसली नव्हती. पुढची तारीख पडल्यावर ती व्हरांड्यात आमच्यासमोर येऊन थांबली. मी दामिनीला मागे ओढलं.

"तो मरी गया, मंग ती केस बी मरी गई का?"

"हो."

"आन् ही?"

"ही वारसांवर येते."

ती दामिनीकडे बघत राहिली. डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं. "मले पैसा नही पायजे," ती म्हणाली. "तठे त्या टाईमले कोन व्हतं, तेवढं कोनी सांगी दे."

"बाई, ते सांगणारं आता कोणी उरलं नाही," नवलसिंग म्हणाले.

"सुनिता," दामिनी माझ्या पदरामागून म्हणाली.

दिवलीबाई खाली पायरीवर बसली. नंतर कळलं, तिच्या मुलीचं नाव ते.

कागदात नाव असणारच. कुणाच्या तोंडून पोरीच्या कानावर पडलं असेल. मीही दामिनीला संशयाचा फायदा दिला.

मग ती दूध नको म्हणायला लागली. चहा मागायची. पलंगाच्या भिंतीकडच्या बाजूला झोपायची, ती तिच्या बापाची बाजू. एकदा वरण-भात कालवताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "ईश्वरले गावले धाडी दे. दोन दिवस दिसाले नको."

घास माझ्या हातातच राहिला. ईश्वर खरंच गावाला गेला होता, ती मुलगी गेली त्याच सकाळी. मी तेव्हा माहेरी होते. दामिनी माझ्याजवळ होती.

मी अक्कलकुव्याला फोन लावला. नथमल शेठच्या बायकोनं, लहरीबाईंनी उचलला. त्या पहाटे हेमकांत तुमच्याकडेच होता ना, एवढंच मी विचारलं.

"बेटा, आता माणूस राहिला नाही, कशाला..."

"काकी, माझ्या पोरीसाठी विचारते."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "उन्हं वर आल्यावर आले. चपला चिखलानी भरलेल्या. मीच धुतल्या. आमचे हे म्हणाले, रात्रीच आले म्हणायचं."

दिवेलागणीला मी दामिनीला न्हाऊ घालायला बसवलं. पाणी कोमट करून घेतलं. तिच्या कानामागे, बगलेत, बोटांच्या बेचक्यांत हलक्या हातानं साबण लावला. तिला गुदगुल्या होतात. त्या दिवशी झाल्या नाहीत.

"ती ओरडली नाही, आई," ती म्हणाली. "तोंड नुसतं उघडं होतं."

मी तांब्या ओतला.

"माझ्याकडे बघत होती."

"डोळे मीट, साबण जाईल."

तिनं मिटले नाहीत. साबणाचं पाणी डोळ्यांत उतरलं तरी पापणी लवली नाही.

"खटका खांबावर होता. माझा हात पुरत होता."

"तुझा कुठला पुरणार," मी म्हणाले. "तू एवढीशी."

ती पाटावर उभी राहिली. ओला हात उचलून तिनं मला उंची दाखवली. तिच्या डोक्याच्या खूप वर, भिंतीवर, जिथे हेमकांतचा खांदा आला असता तिथे बघत.

"एवढाच तर वर होता. मग मी बंद का नाही केला, आई?"