कॉपी पुढच्या वेळी

पहिल्यांदा तो मोनालीच्या दुकानात आला, तेव्हा डोक्यावरचं हेल्मेट काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. लॅपटॉप मात्र आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. बाहेर भुरभुर लागली होती, बारामती स्टँडामागची गल्ली चिखलानं भरली होती. तो सगळा चिखल त्याच्या पँटीवर आला होता, लुगड्यावर एक शिंतोडा नव्हता.

"मॅडम, अर्धाच चालतोय," हेल्मेटच्या आतून आवाज आला.

"कोण? तुमी का लॅपटॉप?"

त्यानं गडबडीनं हेल्मेट काढलं. कान लालबुंद. मोनालीनं मान खाली घातली, पण हसू काही खाली गेलं नाही.

कन्हेरीची ही पोरगी सहा वर्षं एकटीनं दुकान चालवत होती. रोज सकाळी स्कूटीवरून यायची, बाबासाहेबांच्या तसबिरीला हात जोडायची आणि शटर पूर्ण वर घ्यायची. तसबिरीखाली तिनं मार्करनं लिहिलेला एक कागद होता. त्यावर तीन प्रश्न. पडला का? पाणी सांडलं का? आवाज येतो का? समोर साहेब असो नाहीतर शाळेचा शिपाई, या तिन्हीची उत्तरं मिळाल्याशिवाय ती स्क्रू ड्रायव्हर उचलायची नाही.

"पडला का?"

"न्हाय."

"पाणी, चहा, ताक?"

"न्हाय."

"आतनं आवाज येतो का? टकटक, खरखर?"

"न्हाय... तुमच्या पंख्याचा येतोय."

तिनं पंख्याकडं बघितलं. खरंच येत होता.

"कधी टकटक ऐकू आली, तर मशीन तिथल्या तिथं बंद करायचं," ती नेहमीचं पाठ केलेलं बोलली. "परत चालू करून बघायचं न्हाय. आत चकती फिरती, तिच्यावर सुई घासती. जितक्यांदा चालू कराल, तितकं आतलं पुसलं जातं."

त्याचं नाव नागेश. वरकुट्याचा. घरात तीन पिढ्या मेंढरं राखलेली, आता थोडी शेती. तो एमआयडीसीत ठिबकच्या एका कंपनीत सर्व्हेचं काम करायचा. कंपनीनं टाकायला काढलेला लॅपटॉप त्यानं मागून घेतला होता आणि त्याचे दोन भाग केले होते. पहिल्या भागात विंडोज, ते ऑफिसच्या कामाला. दुसऱ्यात लिनक्स, ते त्याचं स्वतःचं. ऑफिसातल्या कुणीतरी कसलं तरी अपडेट मारलं, आणि त्या दिवसापासून मशीन काही न विचारता थेट ऑफिसच्या भागात जाऊन बसत होतं. दुसरा भाग उठतच नव्हता.

"त्यात काय हाय एवढं?"

त्यानं आधी लुगड्याची घडी घातली. मग म्हणाला, "आमचे आबा."

वडील, तात्याबा. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन वरंध्याचा घाट उतरायचे, पावसाआधी परत. चाळीस वर्षं. कुठं तळ टाकायचा, कुठलं पाणी गोड, कोण शेतात खतासाठी मेंढरं बसवायला धान्य देतो आणि कोण कुत्री सोडतो, सगळं तोंडपाठ. मागच्या वर्षी नागेशनं त्यांना बोलतं केलं. दोन महिने रोज तासभर. फोन भरला की लॅपटॉपवर घ्यायचा, फोन रिकामा करायचा. ऐकत ऐकत नकाशावर एकेक तळ मांडायचा. एकूण एक्केचाळीस तळ. एकोणीस मांडून झाले आणि श्रावणात आबा गेले.

मोनालीनं मशीन तिच्याकडं ओढलं. पाच मिनिटांचं काम होतं.

"मेलेलं न्हाय ते. आत एक यादी असती, आधी कुणाला उठवायचं त्याची. तुमच्या दुसऱ्याला कुणी हाकच मारत न्हाय. हे बघा... हे बटन दाबून धरायचं, हे खालचं नाव वर घ्यायचं. बास."

गिऱ्हाइकाला हे शिकवायचं नसतं, धंदा बुडतो. पण तो इतका जवळ वाकून बघत होता, की तिनं दोनदा शिकवलं.

दुसरा भाग उठला, पण आवाज काही येईना. फाइल खराब की स्पीकर, हे बघायला तिनं त्यातली सगळ्यात छोटी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि दुकानाच्या कॉम्प्युटरवर लावली.

"चालू हाय का ते?" एक जाडाभरडा आवाज दुकानात आला.

"व्हय आबा, बोला."

"काय बोलू?"

"कायबी."

मग खोकल्यासारखं हसू, आणि पाठोपाठ मेंढरांना घालतात ती लांबलचक हाळी. समोरचा चहावाला किटली हातात धरून थांबला. नागेश भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मोनालीनं पंखा बंद केला, उगाचच. फाइल चांगली होती, स्पीकरची वायर सुटली होती. ती जोडून दिली.

"ह्याची कॉपी काढून ठेवा," ती म्हणाली. "एकाच जागी ठेवू नका."

"काढतो की. पुढच्या वेळी डिस्क आणतो."

पुढची वेळ पंधरा दिवसांनी आली. शनिवारी, दुपारी चारला.

"परत उठंना," नागेश म्हणाला. या खेपेला हेल्मेट हातात होतं आणि केस नीट विंचरलेले.

तिनं यादी उघडली. दुसऱ्याचं नाव खाली. मग अपडेटची तारीख बघितली, तर पंधरा दिवसांत काहीच झालेलं नव्हतं. यादी आपोआप बदलत नाही, कुणाच्या तरी बोटानं बदलावी लागते. आणि ते कुठल्या बटनानं, हे तिनंच दोनदा शिकवलेलं.

मोनालीनं त्याच्याकडं बघितलं. तो भिंतीवरचे तीन प्रश्न मोठ्या अभ्यासानं वाचत होता.

"गंभीर हाय," ती म्हणाली. "तासभर लागंल. बसा."

आता तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? सरळ जाऊन बोलायचं. अहो, कन्हेरीच्या आणि वरकुट्याच्या माणसांना बारामतीत बघणारे डोळे काही कमी नसतात. तिच्या घरी बुद्धवंदना, त्याच्या घरी देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक. पोरगा पोरीच्या दुकानात काय करतोय म्हटलं, तर सांगायला कारण लागतं. बिघाडासारखं चांगलं कारण नाही.

तर तो दर दुसऱ्या शनिवारी बिघडून यायचा. येताना पेरू आणायचा, कधी डाळिंबं. ती एका मिनिटात दुरुस्त करायची आणि तासभर हातात धरून बसायची. उसाच्या ट्रॉल्या मुख्य रस्त्यानं गाणी लावून जायच्या, चहा गार व्हायचा.

"माझं मशीन लई नाजूक हाय बगा," तो म्हणायचा.

"मशीन धडधाकट हाय. वापरणाऱ्यात फॉल्ट हाय."

"मग वापरणाऱ्याला उघडून बघा की."

"माझ्याकडं तेवढा बारीक स्क्रू ड्रायव्हर न्हाय."

तुमीचं तू कधी झालं, ते दोघांनाही आठवत नव्हतं. तिनं कॉपीसाठी नवी डिस्क मागवून ठेवली होती, वर चिठ्ठी चिकटवून... 'नागेश'. ती टेबलाच्या खणात होती. तो उठायला लागला की एकजण म्हणायचं, "कॉपी राहिली." आणि दुसरं म्हणायचं, "पुढच्या वेळी." कॉपी झाली, तर येणं संपेल की काय, असं दोघांच्याही पोटात कुठंतरी होतं.

"उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ वर येतं," एकदा तो म्हणाला. "धरणाआधी आबा तितं मेंढरं पाजायचे. येशील बघायला?"

"बघू," ती म्हणाली. डोळे मात्र हो म्हणून मोकळे झाले होते.

फाल्गुनातल्या एका बुधवारी दुपारी त्याचा फोन आला. दुकानात ऑनलाइन फॉर्म भरायला आलेल्यांची गर्दी, तिनं मोबाइल खांद्यानं कानाशी दाबला.

"मोनाली, दुसरं उठंना."

"आज बुधवार हाय की! शनिवारपर्यंत दम निघंना व्हय?"

"न्हाय, अगं, काळा पडदा आलाय. इंग्रजीत कायबाय लिहिलंय..."

"बया! नवीन युक्ती काढली म्हणायची."

"खरंच सांगतोय गं."

"मागल्या वेळी पण खरंच होतं." तिला हसू आवरत नव्हतं. "बंद-चालू करत बस. धा-वीसदा केलं की उठतंय. शनिवारी घेऊन ये, डिस्क तयार हाय."

"नक्की? करत राहू?"

"कर, कर. तेवढाच हाताला चाळा."

ती फोन ठेवून फॉर्मकडं वळली आणि दिवसभर मधूनमधून एकटीच हसत राहिली.

शनिवारी तो चारच्या आधीच आला. पेरू नव्हते. लॅपटॉप लुगड्यात गुंडाळलेला. तिनं मुद्दाम गंभीर चेहरा केला, बटन दाबलं.

टक... टक... टक.

तिचा हात बटनावर गेला आणि तिनं मशीन बंद केलं.

"हा आवाज... कधीपासनं?"

"बुधवारपासनं."

"आणि तू चालू-बंद..."

"तू म्हणलीस तसं. रोज. काल ऑफिसची बाजूपण उठायची थांबली, तरी करत राहिलो."

"नागेश, आवाज येतोय हे सांगितलं का न्हाईस?"

त्यानं भिंतीकडं बघितलं. कागद तिथंच होता.

"तू विचारलं न्हाईस," तो म्हणाला. "मला वाटलं, तू सगळ्यांना विचारतीस. ज्या अर्थी विचारलं न्हाय, त्या अर्थी ही तसली टकटक नसंल."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः लॅपटॉपमधली डिस्क मांडीवर घेऊन पुण्याला, बिघडलेल्या डिस्कमधलं काढून देणाऱ्याकडं गेली. तिथल्या माणसानं हातमोजे घालून उघडली आणि तिलाच आत बोलावून दाखवली. आरशासारखी चकती, तिच्यावर गोल गोल ओरखडे.

"कुणीतरी खूपदा चालू केलीय," तो म्हणाला. "पहिल्याच आवाजाला बंद केली असती, तर बरंच काही निघालं असतं."

"कुणीतरी न्हाय," मोनाली म्हणाली. "मी."

नागेशला तिनं फोनवर सांगितलं. तो "बरं" म्हणाला. त्यानंतरच्या शनिवारी नुसते चार वाजायचे, तो यायचा नाही.

दीड महिन्यानं तिनं दुकानाचा कॉम्प्युटर साफ करायला घेतला. जुन्या फायली उडवता उडवता एका नावावर बोट थांबलं. पहिल्या दिवशी तपासायला घेतलेली, पेन ड्राइव्हवरून इकडं उतरलेली ती छोटी फाइल. चाळीस सेकंद. तिनं ती तीन ठिकाणी उतरवली, मग पाणी प्यायली, मग फोन केला.

तो आला. वाळलेला. डोक्याला हेल्मेट तसंच, काढलं नाही. तिनं पेन ड्राइव्ह पुढं केला.

"तळ कुठलाच न्हाय त्यात," ती म्हणाली. "नुसतं... चालू हाय का म्हणतात. आणि हाळी."

त्यानं तो मुठीत घेतला. वर पंखा खरखरत होता.

"मीच बदलायचो यादी," तो म्हणाला.

"ठाऊक होतं."

"कधीपासनं?"

"दुसऱ्याच वेळेपासनं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू एकदा तरी काही न बिघडवता येशील, म्हणून वाट बघत होते."

तो हसला असावा. हेल्मेटमधून नीट दिसलं नाही.

"त्या शनिवारी तसाच येणार होतो. बुधवारी सकाळी आईला सांगितलं तुझं. सगळं सांगितलं, कोण, कुठली. आमची आई, सारजाबाई, काय साधी बाई न्हाय... मी धरून चाललो होतो, ताट फेकंल. तर म्हणली, तुझ्या आबांनी सत्तर गावचं पाणी पिलं, कुणाच्या आडाला जात विचारली न्हाय. आण एकदा पोरीला." त्यानं पेन ड्राइव्ह दुसऱ्या मुठीत घेतला. "लई बरं वाटलं. म्हणलं, आई, चल तुला आबांचं ऐकवतो. लावाय गेलो, तर..."

मोनालीनं टेबलाची कड घट्ट धरली.

"आता काय म्हणतात त्या?"

"कायच न्हाय. रोज विचारती, पुण्याहून निरोप आला का. तिला अजून सांगितलं न्हाय."

"नागेश, मी येते. मी सांगते त्यांना, चूक माझी..."

"चूक तुझी एकटीची न्हाय. खोटं मीच शिकवलं तुला. तुझ्यावर राग असता, तर बरं झालं असतं, राग जातो. पण तुला बघितलं की मला ती टकटक ऐकू येती, मोनाली. आत्ता पण येतीय."

तिला खूप बोलायचं होतं. तोंडातून आलं ते भलतंच.

"पळसदेवचं देऊळ वर आलंय म्हणे."

"मागल्या रविवारी जाऊन आलो."

"एकटाच?"

"एकटाच."

तो पायरी उतरला. बाहेरच्या उन्हात गाडी चालू झाली आणि स्टँडाच्या गोंगाटात मिसळून गेली. मोनालीनं खण उघडला. नवी कोरी डिस्क होती, चिठ्ठीसकट. तिनं खण तसाच लोटला.

हल्ली त्या दुकानात एक नवा नियम आहे. लोक म्हणतात, बाई चांगली आहे, हात चांगला आहे, पण जरा तिरसट. परवाच इंदापूरच्या एक शिक्षिका आल्या होत्या. लॅपटॉप दुरुस्त झाला, पर्स काखेला लावून निघाल्या.

"ह्यात तुमचं काही जपायचं हाय?" मोनालीनं विचारलं.

"आईचे फोटो आहेत. लेकीच्या लहानपणीचं बोलणंबिलणं. कॉपी काढायचीय खरी, पण आज एसटी चुकेल. पुढच्या वेळी काढू."

"न्हाय," मोनाली म्हणाली. तिनं लॅपटॉप दोन्ही हातांनी जवळ ओढला आणि स्टूल पुढं सरकवलं. "आत्ता. बसा."

"अहो, पण किती वेळ..."

"लागू द्या. दुसरी एसटी मिळती."

शिक्षिका बसल्या. पडद्यावरची हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं सरकू लागली. मोनालीनं पंखा बंद केला आणि ती पट्टी पुरी होईपर्यंत कान देऊन ऐकत राहिली.