काळ्या खडकापाशी कुणीच नव्हतं

हिमकड्याच्या पलीकडे एक तळं होतं. विमानातून काढलेल्या छायाचित्रात ते निळ्या काचेच्या तुकड्यासारखं दिसायचं. पण त्याच्या काठावर आजवर माणसाचं पाऊल पडलं नव्हतं. ते पहिलं पाऊल दादाला टाकायचं होतं आणि तिथलं बाटलीभर पाणी खाली आणायचं होतं. दोनदा तो हात हलवत परत आला होता. या खेपेला त्याने धाकट्या बहिणीला बरोबर घेतलं.

ती अग्निशमन केंद्रात बिनतारी संदेशाचं काम करायची. गाड्यांच्या शेडवर तिची चिमुकली खोली. कोणती गाडी कुठे पोचली, आधी कुणाला धाडायचं, कुणाला थोपवायचं, हे सगळं ती कानाला हेडफोन लावून तिथून सांभाळायची. शहर पेटलं तरी तिचा सूर चढत नसे. घरीदारी सगळे तिला ‘कंट्रोल’च म्हणत.

“वर गेल्यावर तुझा शब्द शेवटचा,” निघताना दादा म्हणाला होता. “तू फिर म्हणालीस की मी फिरलो!”

बरोबर वहिनी होती, पेशाने डॉक्टर. आणि वाटाड्या काका, ज्यांचं आयुष्य याच बर्फावर गेलेलं. वाटेत नदीने शिध्याची एक पिशवी गिळली. सुट्या दगडांच्या उतारावर वहिनीचा गुडघा सोलवटला. तरी चौघं बर्फाच्या कडेला पोचले आणि तंबू उभा राहिला. कंट्रोलने पहिलं काम केलं ते म्हणजे वरच्या प्रत्येक जागेचं नाव काकांकडून वदवून घेतलं. काळा खडक, सोंड, खिंड.

“एवढं कशाला गं पाठ करतेस?” काका हसले.

“नाव नसलेल्या जागी मदत पाठवता येत नाही, काका.”

सकाळी दादा आणि वहिनी वर निघाले. काका गरज पडली तर म्हणून तंबूत थांबले. दुपारी वारा अचानक फिरला. सोंडेमागून करडे ढग भराभर चढू लागले.

“दादा, हवा बिघडतेय. मागे वळा. ओव्हर.”

थोडा वेळ नुसती खरखर. मग, “बरं. वळलो. काळ्या खडकापाशी आलोय.”

“जागा पुन्हा सांग.”

“काळा खडक! सांगितलं ना एकदा!”

एखादा ड्रायव्हर असा तुटक बोलला असता, तर तिने त्याला खोदून खोदून विचारलं असतं. पण हा दादा होता. तिने काकांच्या हाती दोर आणि एक रेडिओ दिला. “दोघं काळ्या खडकापाशी आहेत. त्यांना बांधून घेऊन या.”

काका गेले, आणि हिमवादळ कोसळलं! तंबूचं कापड फडाफडा आपटू लागलं. बऱ्याच वेळाने काकांचा आवाज आला. “कंट्रोल, खडकापाशी कुणीच नाही. पावलंसुद्धा नाहीत. पुढे जाऊन बघतो.”

“थांबा काका! जागेवरून हलू नका!”

कडाड् असा आवाज. मग काहीच नाही.

तेवढ्यात वहिनी बोलली, रडवेल्या आवाजात. “अगं, आम्ही खडकापाशी नव्हतोच. खिंडीपलीकडे होतो, तळ्यावर. तो म्हणाला, पाचच मिनिटं... आता खिंड उतरतोय. काही दिसत नाही!”

ज्याने तिला सायकल शिकवली, त्याने तिला रेडिओवर खोटं सांगितलं होतं. धावत वर जावं, असं वाटलं. पण ती जागेवरून उठली असती तर सगळ्यांना जोडणारा एकमेव धागा तुटला असता.

“सगळे गप्प! चॅनल मोकळा ठेवा.”

तिने कान दिला. खरखर मध्येच थांबत होती आणि पुन्हा सुरू होत होती. कुणीतरी बटण दाबत होतं!

“काका, तुमचा आवाज येत नाहीये, पण बटण चालतंय. एकदा दाबलं म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. बर्फाच्या भेगेत पडलात?”

टक्.

“तळाशी?”

टक्. टक्.

“मध्येच अडकलात?”

टक्.

“शिट्टी आहे?”

टक्.

“वाजवत राहा. थांबू नका.”

मग तिने रेडिओवर वहिनीला हाक दिली. “कड्याला उजवा हात लावून उतरा. शिट्टी ऐकू आली की सांग.”

“आली! डावीकडून!”

“तुमच्याकडच्या दोराने दोघं एकमेकांना बांधून घ्या. काठीने बर्फ चाचपत थोडं पुढे व्हा. मोठी झाली की बारीक?”

“बारीक!”

“मग वरच्या अंगाने या. हळू.”

“मोठी झाली! अगं, इथेच आहे! भेग दिसली!”

“थांबा! काठावर उभे राहू नका. पोटावर झोपा. सॅक काढून टाका दोघांनी.”

“माझ्या सॅकमध्ये बाटली आहे...” दादाचा आवाज.

“टाक!”

त्या दिवसात एवढा एकच शब्द ती दादावर ओरडली. दोर खाली गेला. ओढा! थांबा! ओढा! शेवटी दम लागलेली वहिनी म्हणाली, “आले. काका वर आले. खांदा निखळलाय, पण जिवंत आहेत.”

सांजेला तिघं ठेचकाळत तंबूपाशी पोचले. सॅका, बाटली, सगळं वरच राहिलं होतं, आणि त्यावर आता बर्फ साचत होतं. वहिनीने काकांचा खांदा बसवला. दादा दाराशी उकिडवा बसून होता.

“माफ कर गं,” तो पुटपुटला. “तळं समोर दिसत होतं.”

“मला फसवलंस, तेही मी एक वेळ गिळलं असतं,” ती म्हणाली. “पण काकांना फसवलंस ते माझ्या तोंडून! ते निघाले माझ्या शब्दावर.”



दुसऱ्या दिवशी उतारावर खालच्या गावाचा रेडिओ लागला. तिने बटण दाबलं. “चौघंही सुखरूप. एक जखमी. गाडी पाठवा.”

“आणि तळ्यापर्यंत पोचलो, ते?” दादाने हळूच विचारलं. “तुझ्या वहिनीने पाहिलंय. खरंच पोचलो होतो गं.”

“असेल.” तिने सेट खांद्याला अडकवला. “पण तुझ्या शब्दावर मी आता पुढे काही पाठवत नाही.”

ती काकांच्या धडक्या बाजूला गेली, त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि वाट उतरू लागली.