कपाटात मुरत ठेवलेला हेडफोन

ही गोष्ट खरी आहे. शपथ घेत नाही, कारण आयुष्यात मला शपथेवर बोलणाऱ्यांनीच जास्त फसवलंय.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भुतं बारानंतरच कामावर येतात असं ज्यांना वाटतं, त्यांची आधीच माफी मागते. हे सगळं दुपारी घडलं. तीनच्या सुमाराला. आमच्या मागच्या खोलीत, लख्ख उजेडात. समोरच्या गच्चीवर कुणीतरी गादी झटकत होतं.

तर, माझा नवरा छापखान्यात प्रुफं तपासतो. सकाळची पाळी, दोनला घरी. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरत नाही म्हणून घरी येऊन हेडफोनच्या चुका काढतो. भारीतले हेडफोन मागवायचे, ऐकायचे आणि कसे आहेत ते एका वेबसाइटवर लिहायचं. समोर मी त्याला 'अहो' म्हणते, मागे 'तो'. एवढी मुभा बायकोला असावी.

मी हेडफोनच्या गाद्या शिवते. कानावर टेकतात ना त्या गोल, मऊ गाद्या. कुणी शिकवलं नाही. नवऱ्याची एक फाटलेली जोडी उसवून बघितली, परत शिवली, आणि लागले धंद्याला. आता स्टुडिओवाले पाठवतात, कॉल सेंटरवाले पाठवतात. वापरलेली गादी हातात आली की मी सांगते... हा चष्मेवाला, हा दाढीवाला, हा डाव्या कुशीवर झोपून ऐकतो. गादी खोटं बोलत नाही.

आमच्यात एक रीत आहे. नवा हेडफोन आला की तो खुर्चीत बसतो, मी त्याच्या उजवीकडे स्टुलावर, वही घेऊन. तो डोळे मिटून ऐकतो आणि बोलतो, मी लिहिते. सगळं झालं की डोळे न उघडताच हेडफोन काढतो आणि माझ्याकडे धरतो.

"आता तू."

मग एक गाणं माझं. बावीस वर्षं हेच. आमच्यात फुलं-बिलं नाहीत, माझा वाढदिवस त्याला बँकेचा मेसेज आल्यावर आठवतो. जे काही आहे ते त्या 'आता तू'मध्ये आहे.

हा हेडफोन एका म्हाताऱ्या कारागिरानं हातानं बनवलेला. वर्षाला बारा नग, त्याहून एक जास्त नाही. नवरा चौदा महिने थांबला. रोज सकाळी दात घासायच्या आधी मेल बघायचा. एकदा मी दातांच्या डॉक्टरकडे होते, तेव्हा मात्र मला पंधरा मिनिटांत तीन फोन केले होते यानंच. "किती वेळ अजून?"

"सवत येतेय घरात," मी म्हणायचे.

"येऊ दे गं. तुला मदत होईल," तो म्हणायचा.

हसायचे मी. पण मनात काहीतरी टोचायचं, खोटं कशाला बोलू.

एका मंगळवारी खोकं आलं. त्यानं साबणानं हात धुतले, तेही दोनदा. काळा लाकडी हेडफोन, कोकराच्या चामड्याच्या गाद्या. शिलाई अशी की मला माझ्या बोटांची लाज वाटली. त्यानं तो डोक्याला लावलाच नाही. नुसता पट्टा खेचून आपल्या मापाचा करून ठेवला. टक्, टक्... सात वेळा. त्याचं डोकं सातचं. माझं पाचचं.

या लोकांचा एक नियम असतो. नवा हेडफोन लगेच ऐकायचा नाही. दोनशे तास त्यातून नुसती खरखर वाजवत ठेवायची, म्हणजे आतला पडदा सैल होतो. तोवर कुणी कानाला लावायचा नाही. नवरा याला 'मुरवणं' म्हणतो.

मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात त्यानं तो एका दांडीवर टांगला, खरखर सुरू केली, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली.

"तूच ठेव. मला मोह होईल."

मला बरं वाटलं. मी किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली.

माझं शिलाई मशीन त्याच खोलीत आहे. कपाटातून दिवसभर बारीक आवाज यायचा. शऽऽऽ... लांब कुठेतरी नळ चालू राहिल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी...

तो आवाज थांबला.

वीज गेली म्हणावं, तर माझं मशीन चालू होतं. अकरा मिनिटांनी आवाज परत आला.

चौथ्या दिवशी पुन्हा. तीन दहाला बंद. तीन एकवीसला चालू.

आता एक सांगते, म्हणजे मी का घाबरले ते कळेल. टांगलेल्या हेडफोनचा आवाज बाहेर येतो. तो बंद होतो कधी? गाद्या कुणाच्या तरी कानांवर घट्ट बसल्यावर.

नवरा पुढच्या खोलीत घोरत होता. मी किल्ली काढली, कपाट उघडलं. हेडफोन दांडीवरच होता. मी गादीला हात लावला...

कोमट होती.

उजेडात धरली. कोऱ्या चामड्यावर कानाचा खळगा पडला होता. चष्म्याच्या दांडीची खूण नव्हती. नवऱ्याला चष्म्याशिवाय चहाचा कपही सापडत नाही. आणि खालच्या बाजूला, पाळीपाशी, एक बारीक गोल ठसा. कुडीचा.

बाईचा कान.

मी कानात काही घालत नाही. कामात गादीवर ओरखडे पडतात.

पट्टा बघितला. सातवर ठेवला होता. आता तिसऱ्यावर होता.

तुम्हाला वाटेल, बाई किंचाळली असेल. छे. भूत-बित माझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या डोक्यात आली ती सोनकानी.

सोनकानी म्हणजे त्याच वेबसाइटवर लिहिणारी एक बाई. हे नाव मी ठेवलेलं, कारण नवरा सारखा म्हणतो, "सोन्याचे कान आहेत तिचे." दोघं फोनवर तासतास बोलतात. आवाज का थांबला, गादी कोमट का, हे बाजूलाच राहिलं. म्हटलं, ह्यानं दुसरी किल्ली करून घेतली. मी दुपारी चामडं आणायला जाते, तेव्हा बाई येते आणि माझ्या आधी ऐकून जाते.

मी सरळ फोन लावला.

"कसा वाटला आमचा हेडफोन?"

"कुठला? तो काळा? आला?" ती ओरडलीच. "अहो वहिनी, मला बोलला नाही तो! लबाड माणूस!"

"दुपारी येऊन गेलात ना?"

"मी? पायाला प्लास्टर आहे माझ्या. तीन आठवडे पलंगावर पडून आहे. आईनं उचललं तर बाथरूमला जाते."

मी विचारलंच, "कानात काय घालता तुम्ही?"

"काही नाही हो. माझे कान टोचलेलेच नाहीत. लहानपणी भ्यायले, मग राहूनच गेलं. का?"

"सहज," म्हणाले आणि ठेवला फोन.



पाचव्या दिवशी कपाटाच्या दोन्ही दारांवर मी शिलाईचा एक धागा चिकटवला आणि समोर स्टूल टाकून बसले. नवऱ्याला छापखान्यात जादा काम होतं. घरात मी एकटी.

तीन दहा.

आवाज थांबला... आधी अर्धा. मग सगळा. एक कान झाकावा, मग दुसरा, तसा.

धागा तुटला नव्हता.

मी दार उघडलं. हेडफोन दांडीवर लटकत होता. गाद्या उघड्या. त्यांच्या मध्ये काहीही नाही. तरी आवाज नाही!

मी बघत असतानाच डावीकडून शऽऽऽ सुरू झालं. मग उजवीकडून. कुणीतरी सावकाश हेडफोन काढला होता.

तेव्हा पळायला हवं होतं, हे मलाही कळतं. पण मनात भीतीच्या आधी दुसरंच आलं. माझ्या घरात, माझ्या गळ्यात किल्ली असताना, ही कोण माझ्या आधी ऐकणारी?

मी नियम मोडला. पट्टा पाचवर केला आणि हेडफोन कानाला लावला.

खरखर चहूबाजूंनी आली. पावसात उभं राहिल्यासारखी, पण कोरडी. चांगल्या हेडफोनमध्ये आवाज कुठून येतो ते बोट दाखवून सांगता येतं. मी डोळे मिटले. समोर खरखर. डावीकडे खरखर. मागे...

मागे, उजव्या खांद्यापाशी, एक भोक होतं.

तिथून आवाज येत नव्हता. मध्ये कुणी उभं असलं की अडतो ना, तसा अडला होता. डोक्याएवढी जागा. माझ्यापेक्षा लहान डोकं.

ते भोक हललं.

जवळ आलं.

मी हेडफोन ओढून काढला. मागे नुसती भिंत, त्यावर माझी कात्री टांगलेली.

नवरा आल्यावर सगळं सांगितलं. त्यानं फक्त एवढंच ऐकलं.

"तू घातलास? दोनशे तास व्हायच्या आत?"

"अहो, मी काय सांगतेय आणि तुम्ही..."

"तुला हा पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपतोय."

"हो, खुपतोय! चौदा महिने माझ्याशी कमी आणि त्या म्हाताऱ्याशी जास्त बोललात तुम्ही!"

"मग गाद्यांवरचे ठसे तुझेच असतील."

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझं गादीवाचन खोटं ठरवलं. मी किल्ली त्याच्यासमोर आपटली आणि आत गेले. आमचं बोलणं 'जेवायला या' आणि 'नको'वर आलं.

दहाव्या दिवशी दोनशे तास भरून झाले होते. दुपारचे तीन. मी वही घेऊन स्टुलावर बसले. रुसवा होता, पण ते एक गाणं मला हवं होतं. त्याच्यावर पाणी सोडण्याइतकी मी मोठ्या मनाची नाही.

त्यानं पट्टा सातवर केला. डोळे मिटले. गाणं सुरू झालं आणि त्याचा चेहरा असा सैल पडला... मी तो तसा, त्यानं आमच्या मुलीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा पाहिला होता.

"लिही," तो म्हणाला. "गाणारी इथे उभी आहे. हात लावता येईल."

मी लिहिलं. दोन पानं भरली. गाणी संपली. त्यानं डोळे न उघडता हेडफोन काढला. मी पेन खाली ठेवलं आणि हात पुढे केला.

"आता तू," तो म्हणाला.

आणि हेडफोन डावीकडे धरला.

तिथे कुणी नव्हतं. तिथे खुर्चीसुद्धा नव्हती.

माझा हात तसाच पुढे होता. 

त्यानं हात सोडला.

हेडफोन पडायला हवा होता. मी खरं सांगते, तो पडला नाही. हवेत जरा वर गेला. पट्टा आत सरकला. टक्, टक्, टक्, टक्. आणि सात मिनिटांचं एक आख्खं गाणं तो तिथे, बसलेल्या माणसाच्या उंचीवर, थांबून राहिला. बाहेर कणभरही आवाज येत नव्हता.

मग नवऱ्यानं विचारलं, "कसं वाटलं?"

तो ऐकत होता. मान हलवत होता. मला काही ऐकू येत नव्हतं.

"खरंय," तो हसून म्हणाला. "आवाज जवळचा आहे, पण आपल्यासाठी नाही. शेजारच्या खोलीतलं प्रेम ऐकल्यासारखा. वा! लिहून ठेव हे."

हेडफोन त्याच्या हातात परत आला होता. त्यानं डोळे उघडले आणि उजवीकडे वळून माझ्याकडे कौतुकानं बघितलं.

"बावीस वर्षांत इतकं नेमकं कधी बोलली नव्हतीस गं."

मी काय सांगणार? 'ते मी नव्हते' म्हटलं असतं तर पुन्हा भांडण. आणि अजून एक कारण होतं, ते कबूल करायला जड जातं... ते वाक्य चांगलं होतं. मला नसतं सुचलं. मी त्या आवाजांबद्दल 'छान आहे', 'गोड आहे', 'कान दुखत नाहीत' एवढंच बोलत आले.

त्या वाक्यासकट त्याचं लिखाण वेबसाइटवर आलं. सोनकानीनं पलंगावरून फोन करून विचारलं, "वहिनी, हे तुम्ही बोललात?" मी हो म्हणाले.

हेडफोन परत पाठवा असं मी त्याला चारदा सांगून बघितलं. तो म्हणतो, "इतकं आवडलंय तुला आणि परत कसला?"

गेल्या आठवड्यात मी माझं स्टूल उचललं आणि खुर्चीच्या डावीकडे नेऊन ठेवलं. जागा अडवायची, एवढंच मनात होतं. माझं घर, माझा नवरा, माझं एक गाणं. बसायचं तर तिनं बसावं माझ्या मांडीवर.

नवरा ऐकत होता. मी त्याच्या इतकी जवळ सरकले होते की माझा गुडघा त्याच्या खुर्चीला लागत होता. गाणी संपली. त्यानं डोळे मिटूनच हेडफोन काढला. मी दोन्ही हात पुढे केले.

"आता तू," तो म्हणाला.

आणि त्यानं तो उजवीकडे धरला... जिथे बावीस वर्षं मी बसत होते.