माश्यांना सांगितलेलं लग्न

ओदिलच्या हातून दुधाची बादली निसटली.

भिंतीलगतच्या मधमाश्यांच्या सगळ्या पेट्यांना लाल रिबिनी बांधल्या होत्या. फ्रान्समधल्या ओव्हेर्न प्रांतातल्या त्या डोंगराळ गावात घरात मरण आलं की पेट्यांना काळं फडकं बांधायचं, लग्न ठरलं की लाल. आणि माश्यांना खोटं सांगायचं नाही. सांगितलं, की त्या उडून जातात त्या कायमच्याच.

घरात माणसं दोनच, ती आणि बाबा. म्हणजे बाबांनी तिच्यावर डोळा ठेवून असलेल्या त्या गिरणीवाल्याला परस्पर होकार देऊन टाकला...

"बाबा, माझं लग्न ठरवलंत?"

बाबा खिडकीपाशी सूप पीत होते. चमचा तोंडाशीच थांबला. "मी? मला वाटलं तूच ठरवलंस. सकाळपासून विचारायचा धीर होत नव्हता बघ."

तेवढ्यात आलुबुखाराच्या झाडामागे कुणीतरी खाकरलं. शेजारचा अनातोल. हातात उरलेली रिबीन, चेहरा पांढराफटक.

"तू?" ओदिलने त्या रिबिनीकडे बोट दाखवलं. "मला न विचारता?"

"विचारायलाच यायचो गं. पण तू हसायचीस... आणि मी गाईची चौकशी करून परत जायचो."

"तरीच आमच्या गाईची एवढी काळजी. म्हणून माश्यांना सांगितलंस?"

"त्या हसत नाहीत." त्याने मान खाली घातली. "उद्या गिरणीवाला मागणी घालायला येतोय म्हणे. डोकंच फिरलं माझं. चुकलं... सोडतो गाठी. खोटं बोललो म्हणून सांगतो त्यांना."

त्याचा हात पेटीकडे गेला. त्या पेट्या आईच्या. आई गेली तेव्हा काळी फडकी ओदिलनेच बांधली होती, आणि माश्या राहिल्या होत्या. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं.

"हात लावू नकोस. आईच्या माश्या जातील."

"मग काय करू?"

"मग..." तिचे कान तापले. गवतकापणीपासून हा आधी तिचा पाण्याचा पेला भरायचा, नंतर स्वतःचा. ते तिने रोज पाहिलं होतं. "मग खरंच करावं लागेल ना."

अनातोल मटकन खाली बसला, थेट सांडलेल्या दुधात.

"माश्यांना सांगून झालं," खिडकीतून बाबा म्हणाले, "आता बापाला कुणी विचारणार आहे का?"

अनातोल धडपडत उठला. ओदिल वळली नाही. कडेच्या पेटीची रिबीन सैल होती, ती तिने सोडली आणि पुन्हा घट्ट बांधली.